मदत हवी आहे: चोरलच्या जंगलाचे आकडे जुळत नाहीयेत, सोमवारी लेख द्यायचाय

अर्ध्यारात्रीची_बातमीदार
नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून थेट विचारते. मी इंदूरची, तीन वर्षं फ्रीलान्स करतेय, जंगल, पाणी, हवामान असले विषय. चोरलच्या बाजूचं जंगल कसं संपत चाललंय यावर लेख लिहिलाय. उपग्रहाचे आधीचे आणि नंतरचे फोटो लावलेत, आधी हिरवंगार आणि आता अक्षरशः टक्कल, लहान पोरालाही कळेल. सोबत सरकारी आकडा पण दिलाय की मध्य प्रदेशात ६१२ चौरस किलोमीटर जंगल घटलं. आता संपादक म्हणतात की आकडे जुळत नाहीत, त्यांनी भारतीय वन सर्वेक्षणाचे, म्हणजे उपग्रहावरून देशाचं जंगल मोजणाऱ्या सरकारी संस्थेचे, दोन रिपोर्ट घेऊन वजाबाकी केली तर ४२० आले, आणि रिपोर्टात घट म्हणून लिहिलंय तो आकडा तिसराच. वर रिपोर्टाच्या नकाशात माझ्या जागेवर जंगल आहे तसंच दिसतंय. सरकार खोटं बोलतंय हे मला माहीत आहे, ते सिद्ध कसं करायचं एवढंच सांगा. आणि प्लीज, आरटीआय टाका असं कुणी सांगू नका, तेवढा वेळ नाहीये.

जनमाहिती_१०रुपये
आरटीआय टाका. १० रुपयांत काम होतं. वन मंडळाच्या जनसूचना अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज करा, गेल्या पाच वर्षांत किती झाडं कापली, कुणाच्या परवानगीने, एवढं विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील.

सराफा_रात्री१२
भिया, शेवटची ओळ तरी वाचायची. सोमवारी लेख द्यायचाय तिला आणि तुम्ही ३० दिवस सांगून राहिले.

जनमाहिती_१०रुपये
वाचली. तरी टाका. हा लेख गेला तर पुढच्या लेखाला कामाला येईल. मी आजवर चाळीसेक अर्ज टाकलेत, पत्रकार लोकांना सगळं आजच्या आज हवं असतं हाच प्रॉब्लेम आहे.

पिक्सेलवाला
फोटो कुठल्या उपग्रहाचे? कुठल्या महिन्यातले? जागा नक्की कुठली आणि किती हेक्टर? हे न सांगता सिद्ध काय करणार कुणी.

अर्ध्यारात्रीची_बातमीदार
सेंटिनल-२ या युरोपियन उपग्रहाचे आहेत. २०१८ आणि २०२४. जागा चोरलच्या पुढे, खंडवा रोडपासून आत. हेक्टर मोजले नाहीत पण बरंच आहे.

पिक्सेलवाला
महिना विचारला होता, वर्ष नाही.

अर्ध्यारात्रीची_बातमीदार
महिन्याने काय होतंय? जंगल आहे ते, सोयाबीनचं शेत नाही.

बडोद्याची_मगर
विषय वेगळा आहे पण राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे वडोदऱ्यात दर पावसाळ्यात हेच होतं. विश्वामित्रीला पूर आला की बाहेरचे पत्रकार मगरींचे फोटो काढायला येतात, २०२४ च्या ऑगस्टात तर विचारूच नका. नदीच्या काठाचं काय झालं, ओढे कुठे बुजवले, याच्यावर कुणी लिहीत नाही. ताई, लिहायचं असेल तर इथे या, मी फिरवतो.

निवृत्त_रेंजर
पोरी, महिन्याने फार फरक पडतो. माझी अर्धी नोकरी बडवाहच्या बाजूला गेली. हे आपलं जंगल शुष्क पानझडीचं, मुख्य झाड सागवान, सोबत सालई, धावडा, मोई. जानेवारी-फेब्रुवारीपासून पानं गळायला लागतात आणि मे महिन्यात अख्खा डोंगर नागडा उभा असतो, खालची मुरमाड जमीन दिसते. पहिला पाऊस पडला की पंधरा दिवसांत परत हिरवा. तुझा २०२४ चा फोटो उन्हाळ्यातला तर नाही ना?

अर्ध्यारात्रीची_बातमीदार
...मे मधला आहे. २० तारखेच्या आसपासचा. त्यात ढग अजिबात नव्हते म्हणून तो घेतला. आणि २०१८ चा नोव्हेंबरमधला आहे.

सराफा_रात्री१२
घ्या.

पिक्सेलवाला
हेच वाटलं होतं. नोव्हेंबर आणि मे शेजारी ठेवले तर विंध्यातलं कुठलंही सागवानाचं जंगल टक्कलच दिसणार. वन सर्वेक्षणवाले बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतात ते यासाठीच, पानं असतात आणि ढग गेलेले असतात. दोन्ही फोटो नोव्हेंबरचे काढ आणि मग सांग काय उरतं. मी काही तुझ्या विरोधात नाही, पण हा लेख असाच छापला असता तर वन खात्याने दोन ओळींचा खुलासा पाठवून तुझी तीन वर्षांची मेहनत धुऊन टाकली असती.

निवृत्त_रेंजर
एक भर घालतो. ऑक्टोबरचा पण घेऊ नकोस जमलं तर. पावसाळ्याच्या शेवटी सागाला अळी लागते, पानाची नुसती जाळी ठेवते, लांबून झाड वाळल्यासारखं तपकिरी दिसतं. झाडाला काही होत नाही. आमच्या वेळी एका नव्या साहेबाने त्यावरून जंगलाला आग लागून गेली असं लिहून पाठवलं होतं वर.

अर्ध्यारात्रीची_बातमीदार
ठीक आहे, चूक झाली. पण मग ६१२ चं काय? तो तर मी काढलेला नाही, रिपोर्टातलाच आहे.

खंडवारोड_एमएससी
रिपोर्टातला आहे पण तो जंगलाचा नाही. भारतीय वन स्थिती अहवाल २०२३ मध्ये ६१२ ही वनाच्छादन अधिक वृक्षाच्छादन अशी एकत्र घट आहे. वृक्षाच्छादन म्हणजे एक हेक्टरपेक्षा लहान तुकड्यांतली, बांधावरची, रस्त्याकडेची झाडं, आणि तो आकडा सॅम्पल घेऊन काढलेला अंदाज असतो. नुसत्या वनाच्छादनाची घट ३७१.५४ आहे. तुझा तिसरा आकडा तोच असणार.
आणि संपादकांचे ४२० कुठून आले ते पण सांगतो. २०२१ च्या अहवालात मध्य प्रदेशचं वनाच्छादन ७७,४९३ छापलंय, २०२३ च्या अहवालात ७७,०७३. वजा केलं की ४२०. पण नवा अहवाल करताना ते जुना आकडा दुरुस्त करून घेतात आणि तुलना त्या दुरुस्त आकड्याशी करतात. म्हणून जुन्या पुस्तकातून नवं पुस्तक वजा करायचं नसतं. संपादकांना हे कळवा, त्यांची पण चूक आहे म्हटल्यावर जरा मऊ होतील.

अर्ध्यारात्रीची_बातमीदार
हे कुणी आधी का नाही सांगत? अहवाल उघडला की डोकं गरगरतं.

पिक्सेलवाला
अजून एक गरगरवतो. नाव २०२३, प्रसिद्ध झाला २०२४ च्या डिसेंबरात, आणि आतली उपग्रह चित्रं २०२१ च्या शेवटाच्या सुमाराची. म्हणजे २०२३ मध्ये कुणी डोंगर साफ केला असेल तर या अहवालात तो उभाच दिसणार. यात कुणी खोटं बोलत नाहीये. शिवाय त्यांचा एक पिक्सेल २३.५ मीटरचा. रस्त्याची किंवा रेल्वेची वीस-पंचवीस मीटरची पट्टी त्यात धड दिसतच नाही. सेंटिनलचा पिक्सेल १० मीटरचा, त्यात दिसेल.

आंबा_म्हणजे_जंगल
मंडळी, तुम्ही आकड्यात अडकलात. खरी गंमत व्याख्येत आहे. एक हेक्टरच्या वरची जागा आणि १० टक्के छत्र, म्हणजे वरून दिसणारा फांद्या-पानांचा पसारा, झालं वनाच्छादन. मालक कोण, झाड कुठलं, काही विचारत नाहीत. आंब्याची बाग पण जंगल, निलगिरी पण जंगल. सागवान कापून तिथे लागवड केली आणि ती वाढली की कागदावर शून्य नुकसान. यावर लिहा, बाकी सोडा.

खंडवारोड_एमएससी
ती व्याख्या लपवलेली नाही हो, अहवालातच छापलेली असते. आणि कायद्यातलं वन वेगळं. गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये म्हटलं की शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, मालकी कुणाची का असेना. मध्य प्रदेशात नोंदीतलं वनक्षेत्र ९४,६८९ चौरस किलोमीटर आणि छत्र दिसतं ७७ हजारांवर. म्हणजे नोंदीत वन आहे पण झाडं नाहीत अशी जमीन भरपूर, आणि झाडं आहेत पण नोंद नाही अशीही.

आंबा_म्हणजे_जंगल
मी तेच म्हणतोय.

खंडवारोड_एमएससी
नाही, तुम्ही फसवणूक म्हणताय. मी म्हणतोय मोजायची पट्टी वेगळी.

तलावप्रेमी
जंगल राहू द्या, सिरपूर तलावावर लिहा ना. २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, यशवंतसागर पण. शहरातल्या शहरात, पेट्रोल पण लागत नाही. पक्ष्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, नाव द्या, पैसे नकोत.

कलम_आणि_भाडं
सगळे जंगलात गेलेत, मला वेगळंच विचारायचंय. पिच, म्हणजे लेखाचा प्रस्ताव, मंजूर करून घेतली होतीस की आपणहून लिहून पाठवलंस?

अर्ध्यारात्रीची_बातमीदार
मेलवर आलं होतं, "इंटरेस्टिंग, पाठवा".

कलम_आणि_भाडं
ती मंजुरी नाही, ताई. शब्द किती, दर काय, तारीख कुठली आणि लेख लागला नाही तर किती देणार, हे चारही मेलवर लिहून घ्यायचं, त्या शेवटच्याला किल फी म्हणतात. नाही तर चोरलच्या चार फेऱ्यांचं पेट्रोल तुझ्याच माथी. माझे एका मासिकाकडे अजून पैसे अडकलेत आणि मासिकच बंद पडलं.

सराफा_रात्री१२
चोरलला गेलीच आहेस तर कलाकुंडचा कलाकंद खाल्लास का? पाताळपाणीहून ती हेरिटेज गाडी २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा आम्ही अख्खं कुटुंब गेलो होतो, पानाच्या द्रोणात देतात.

अर्ध्यारात्रीची_बातमीदार
अपडेट. दोन्ही फोटो नोव्हेंबरचे घेतले, २०१८ आणि २०२४. माझ्या टकलापैकी बहुतेक सगळं परत हिरवं झालं. रडू आलं थोडं. पण एक लांब पट्टी खरंच गेलीये आणि तिच्या वरच्या अंगाला एक चौकोनी तुकडा, साधारण सहा हेक्टर. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही शाबूत होते. आता हे कुणी कापलं हे कसं कळेल? (आरटीआयकाका, तुमचा अर्ज पण टाकते, शप्पथ.)

जनमाहिती_१०रुपये
बघा. म्हटलं होतं.

पिक्सेलवाला
पट्टीसाठी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर जा. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर प्रस्ताव तिथे चढवावा लागतो. राज्य, जिल्हा टाकून शोध, हेक्टर किती, झाडं किती, पहिल्या टप्प्याची मंजुरी कधी, सगळं असतं. सोबत केएमएल फाइल, म्हणजे प्रकल्पाच्या हद्दीचा डिजिटल नकाशा, असेल तर उतरवून तुझ्या फोटोवर ठेव. पट्टी त्या हद्दीत बसली तर प्रकल्प, बाहेर सरकली तर तुझी बातमी. आजच रात्री होईल.

निवृत्त_रेंजर
चौकोनी तुकड्याबद्दल गप्प बसवत नाही. चौकोन म्हटलं की आधी कूप आठवावा. वन खात्याच्या कार्य आयोजनेत जंगलाचे कूप, म्हणजे कटाईसाठी आखलेले तुकडे, पाडलेले असतात, त्या-त्या वर्षी त्यातली खुणा केलेली झाडं खातंच कापतं, त्याला चोरी म्हणत नाहीत. पण कूपात सरसकट साफ सहसा करत नाहीत, काही झाडं राखतात. तेव्हा जागेवर जाऊन खुंट बघावे लागतील. कायदेशीर कटाईत खुंटावर हॅमरचा, म्हणजे खात्याच्या हातोड्याचा, ठसा आणि नंबर असतो. ठसा नसेल, कुऱ्हाडीचे वेडेवाकडे घाव असतील, तर गोष्ट वेगळी. सागाच्या खुंटाला धुमारे फुटतात, ते किती उंच झालेत त्यावरून कधी कापलं याचा अंदाजही येतो.

अर्ध्यारात्रीची_बातमीदार
काका, मला ठसा ओळखू नाही येणार. संपादकांना मेल केलाय, ६१२ काढून ३७१.५४ लिहिते आणि लेख चोरलच्या त्या सहा हेक्टरांपुरताच ठेवते असं कळवलंय. आठवडा वाढवून दिलाय. दराचं पण विचारलं, त्याचं उत्तर नाही आलं.

कलम_आणि_भाडं
येणार पण नाही. उद्या परत विचार.

निवृत्त_रेंजर
रविवारी सकाळी सातला सिमरोलला चौकातल्या चहाच्या टपरीवर ये, मी येतो. एकटी आत जाऊ नकोस, आधी नाक्यावर सांगून जाऊ. कापडी बूट नको, कुसळं शिरतात. मोजायची टेप आण आणि प्रत्येक खुंटाचा फोटो टेप शेजारी ठेवूनच काढायचा.

सराफा_रात्री१२
काका, येताना कलाकुंडवरून येणार का?