पॉवर हॅमर: हातोडा की घण?

परवा एका मराठी माहितीपत्रकात पॉवर हॅमरसाठी, म्हणजे तापलेल्या लोखंडावर घाव घालणाऱ्या यंत्रासाठी, ‘शक्तिचलित हातोडा’ असा शब्द वाचला. अर्थ कळतो, पण लोहारकामाच्या हिशेबाने तो चुकीचा आहे. पुण्यात धायरीतल्या शेडमध्ये खपून मी स्वतः एक स्प्रिंग हॅमर, म्हणजे स्प्रिंगच्या आधाराने घाव घालणारा पॉवर हॅमर, बांधला आहे, म्हणून हा शब्द मनाला लागला.

भट्टीपाशी हातोडी आणि घण ही दोन वेगळ्या माणसांची हत्यारं. सांडशीत लोखंड धरलेला कारागीर एका हाताने हातोडी चालवतो. ती जिथे टेकेल तिथे समोरचा माणूस दोन्ही हातांनी घण घालतो. हातोडी जागा दाखवते, जोर घणाचा. हातोडी नुसती ऐरणीवर वाजली की घण थांबतो. क्रियापदंसुद्धा वेगळी: हातोडी मारतात, घण घालतात. मूळ संस्कृत ‘घन’, त्यामागे ‘हन्’ धातू. पेपरात दिसणारी ‘घणाघाती टीका’ याच घणाची.

आता पॉवर हॅमरने कोणाची जागा घेतली? घण घालणाऱ्याची. कारागीर होता तिथेच आहे, सांडशी त्याच्याच हातात आहे. हातोडीची खूण तेवढी पायाखालच्या पट्टीत गेली: हलकी दाबली की थोपटल्यासारखे घाव, पूर्ण दाबली की दणके. स्कॉटिश अभियंता जेम्स नॅस्मिथने १८४२ मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र वाफेवर चालायचं, माझं दोन हॉर्सपॉवरच्या मोटरवर चालतं. दोन्ही घणच. म्हणून मी ‘यांत्रिक घण’ म्हणतो.

ऐरण मात्र यंत्रातही ऐरणच राहिली. तिची किंमत मला चुकल्यावर कळली. माझ्या यंत्रातला खालीवर होणारा घण २५ किलोचा, आणि त्याखाली मी जुन्या बाजारातून आणलेला ८० किलोचा ठोकळा ठेवला होता. घाव पडला की फरशी हादरायची, फळीवरचे नटबोल्ट खाली यायचे, आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा जवळजवळ तसाच. सगळा जोर जमिनीत जात होता. ऐरण घणाच्या निदान दहापट वजनाची हवी, पंधरापट असली तर फारच छान. ठोकळ्याला लोखंड जोडत जोडत मी ती ३५० किलोवर नेली. मग तोच पाटा तीन तावांत निम्म्या जाडीवर आला. (हा ‘ताव’ म्हणजे एकदा तापवून काढणं. ‘तावून सुलाखून’मधला.)

यंत्राला तुमच्याकडे काय म्हणतात? भोसरी-चाकणकडच्या मंडळींनी जरूर लिहा.

प्रतिसाद

दादा, ‘यांत्रिक घण’ पटला. आमच्या शॉपमध्ये नुसतं ‘हॅमर’ म्हणतात, खालीवर होणाऱ्या वजनाला ‘टप’. पण एक विचारते. ‘घिसाडघाई’ हा शब्द घिसाड्यांवरूनच, म्हणजे फिरत्या लोहारांवरूनच ना? मग तो कामाच्या गचाळपणासाठी का वापरतात?

उत्तर

ताई, हो, मी तो घिसाडी आणि घाई असाच फोडतो, आणि त्याचा आजचा अर्थ मला अन्यायाचा वाटतो. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेलं घिसाडी कुटुंब काम करताना बघा. पुरुष सांडशी फिरवतो, बाई घण घालते, मूल भात्यापाशी. पिवळंधमक लोखंड भट्टीतून निघालं की बारीक सळईचा रंग बघता बघता उतरतो. लाली गेल्यावर पोलादावर घण घातला तर चीर जाते, आणि मग ती कुऱ्हाड फुकट. घाई लोखंडाची असते, माणसाची नव्हे. त्या घाईत एकही घाव वाकडा पडत नाही.

‘प्रश्न ऐरणीवर आला’ म्हणतानाही आपण हेच म्हणत असतो: तापलेला आहे, आत्ताच हात घालायला हवा. तिथे मात्र त्या घाईला कोणी नावं ठेवत नाही.

‘टप’ टिपून ठेवला. खालच्या ठोकळ्याला तुमच्याकडे ऐरण म्हणतात की आणखी काही?