सायकल घेताना फसलेले, घेतल्यावर शहाणे झालेले: अनुभव सांगा

तिसरा गिअर

दसऱ्याला सायकल धुतली. म्हणजे मी नाही, भाच्याने. गाड्या धुवायला नेल्याच आहेत तर मामाची सायकलपण, म्हणून पठ्ठ्याने ती फवाऱ्याखाली उभी केली. हार घातला, नारळ फोडला, आणि परवा सिंहगडाच्या पायथ्याला पोचेपर्यंत सायकल जुन्या झोपाळ्यासारखी करकरायला लागली. दुकानात नेली तर न तपासताच "बीबी गेली, पूर्ण बदलावी लागेल" म्हणाले (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलच्या दांड्या जिच्यावर फिरतात ती). परत आणली.

त्यावरून बाबांची अ‍ॅटलस आठवली. दिवाळीच्या सुट्टीत तिचं 'ओव्हरऑइलिंग' व्हायचं (ओव्हरहॉलिंग हा शब्द मला कॉलेजात कळला). परातीत रॉकेल, त्यात चाकाच्या गोट्या. त्या धुऊन मोजायचं काम माझं. एक कमी भरली की आख्खी ओसरी पालथी. मग चाकाच्या वाटीत ग्रीस भरून बाबा एकेक गोटी अशी बसवायचे की जणू दागिना घडवतायत. काल माळ्यावर त्यांचा पंप सापडला. दांडा ओढला तर हवाच धरत नाही.

माझी चूक आधी सांगतो. २०१६ ला पहिली रोड बाईक घेतली, सवलतीत मिळाली म्हणून ५६ च्या फ्रेमची. उंची ५ फूट ५. हॅण्डल इतकं लांब की तासाभरात करंगळ्या बधिर. दोन वर्षं 'सवय होईल' म्हणत काढली आणि अर्ध्या किमतीत विकली. आता ५२ आहे, बोटं जागेवर आहेत.

तुम्ही काय घेऊन पस्तावलात? काय शिकलात? लिहा.

मेतकूट भात

गोट्या!!! आमच्याकडे चहाच्या गाळण्यात धुतल्या होत्या. आईने नंतर आठवडाभर कुणाला चहा दिला नाही.

घाटातला घामट

फवाऱ्याचं पाणी हबमध्ये (चाकाच्या मध्यात) आणि बीबीत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं. बादली, स्पंज, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, बास.

चेनबद्दल मात्र लिहितोच, कारण पैसे घालवून शिकलोय. चेन ताणते हे मला कुणी सांगितलंच नाही. आठ हजार किमी एकाच चेनवर काढले. नवीन टाकली तर ती मागच्या दात्यांवरून घसरायला लागली, कारण जुन्या चेनने दाते घासून स्वतःच्या मापाचे करून ठेवले होते. कॅसेटही (मागच्या दात्यांचा संच) बदलावी लागली, म्हणजे चेनच्या तिप्पट खर्च. आता दर महिन्याला स्टीलची पट्टी लावतो. एका पिनेच्या मध्यापासून २४ पिना पुढे मोजल्या की नवीन चेन बरोबर १२ इंच भरते. त्यावर अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गेली की बदलायची. पूर्ण सूत गेली तर कॅसेटचेही पैसे काढून ठेवा.

आणि तो निळा-पिवळा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे. त्याने मळ निघतो, आणि असलेलं तेलही. चेनचं तेल प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब, पाच मिनिटं पायडल उलटं फिरवायचं, मग फडक्याने कोरडं पुसायचं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

नाशिकची मिरची

२०१५ ला महाजन बंधूंनी दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली आणि आमच्या नाशकात ज्याला त्याला सायकल हवी झाली. त्यातल्या बऱ्याच आता बाल्कनीत टॉवेल वाळवतात. माझी धरून.

अनघा_सातारा

गुडघा दुखायचा म्हणून ऑर्थोपेडिककडे गेले, गोळ्या खाल्ल्या, नी-कॅप घेतली. सीट खाली होती, बाकी काही नव्हतं. पडायची भीती म्हणून मी ती पाय जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवली होती. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी भिंतीला धरून बसायला लावलं: टाच पायडलवर, पायडल सगळ्यात खाली, पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट दीड इंच वर गेली, पंधरा दिवसांत दुखणं बंद.

बायकांसाठी अजून एक. सीट जितकी मऊ तितकी चांगली असं वाटतं, मी जेलचं कव्हरही घेतलं होतं. तासाभराने तेच रुततं. बसायच्या दोन हाडांना आधार देईल एवढी रुंद आणि जरा कडकच सीट लागते. पॅडवाली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काही घालू नका. हे मला कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतेय. लाजत बसलात तर शिवण कुठे कुठे घासते ते पन्नास किलोमीटरनंतर कळेल.

चेन पडली

अनघाताई +१. मी पुरुष असून ७० किलोमीटर 'आत घालून' गेलो होतो. पुढचे तीन दिवस ऑफिसात उभा राहून मीटिंग केल्या.

मेतकूट भात

साताऱ्यात कुठे? यवतेश्वर चढता का?

अनघा_सातारा

हो, रविवारी. सव्वासहाला पोवई नाक्यावर भेटतो सगळे. या की.

सोलापुरी चटणी

काय ते लाख लाखाच्या सायकली घेताय राव. आमच्या आजोबांनी एका हर्क्युलिसवर चाळीस वर्षं काढली, मागे दुधाचे दोन कॅन, पुढे आमचा बाप. ना शॉर्ट ना जेल.

घाटातला घामट

@सोलापुरी चटणी, आजोबांना सलाम. पण त्यांना कधी विचारलं होतं का दुखतं का म्हणून?

सोलापुरी चटणी

विचारायची हिंमत कुणाची होती :)

लोणी-भापकर

टायर. सगळे २३ मिमी रुंदी आणि १२० पीएसआय हवेच्या मागे लागलेले असायचे, मीही. आपल्या रस्त्यांवर दात हलायचे. आता २८ चे टायर, माझं वजन ७८ किलो, हवा मागे ८० पुढे ७५. वेग तोच, मनगटं सुखी. पण घ्यायच्या आधी फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली २८ बसतंय का ते बघा. माझ्या जुन्या सायकलला बसत नव्हतं, टायर परत करावे लागले.

हायवेच्या कडेने जाणाऱ्यांसाठी: ट्रकचे फुटलेले टायर पडलेले असतात, त्यातल्या केसासारख्या बारीक तारा आपल्या टायरमध्ये घुसतात. पहिल्या २०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, ही साडेतेरा तासांत) मी शिरवळजवळ लागोपाठ तीन ट्यूब घालवल्या, कारण तार आतच होती आणि मी नवी नवी ट्यूब चढवत होतो. चौथी एकाने दिली. त्यानेच टायर उलटा करून आतून फडकं फिरवलं, ते अडकलं, तिथे नखात मावेल एवढी तार! चिमट्याने उपटली. तेव्हापासून टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवतो. ट्यूबचं भोक सापडलं की टायरवर नेमकं कुठे शोधायचं ते कळतं.

टायर चिरला तर दहाची नोट घडी करून आत घालायची, घरापर्यंत पोचता. माझी एक नोट गेले आठ महिने तिथेच आहे.

चेन पडली

म्हणजे सायकलमध्ये गुंतवणूक करणारे तुम्हीच ते.

आइंडहोवनकर

इथून, नेदरलँड्समधून लिहितोय. पाऊस बाराही महिने. रोजच्या सायकलला पूर्ण बंद चेनकव्हर, बाबा-आजोबांच्या सायकलीसारखं, त्यामुळे चेनकडे वर्षभर बघावं लागत नाही. सायकल सेकंडहॅण्ड, कुलपं दोन, आणि दोन्ही कुलपांची किंमत मिळून सायकलपेक्षा जास्त. स्टेशनवरून एकदा नेलीच तरी. फक्त सीट नेली असती तर कमी वाईट वाटलं असतं. अंधारात लाइट नसेल तर दंड होतो, तोही भरून झालाय.

विदर्भातली हुरडा पार्टी

डबलसीट आणि बिनदिव्याची म्हणून पोलिसाने व्हॉल्व्ह काढून हवा सोडल्याचं कुणाकुणाला आठवतं? आम्हाला डायनॅमो होता, पण तो लावला की सायकल बैलगाडी व्हायची, म्हणून पोलीस दिसला की लावायचो.

जुना खोपोलीकर

मुंबई-पुणे शर्यत बघायला आम्ही शाळा बुडवून बोरघाटात जायचो. 'घाटाचा राजा' कोण होणार त्यावर गोळ्या-बिस्किटांची पैज. बाकी मला देखभालीतलं काही कळत नाही.

एक माहीत आहे. पावसाळ्यात रिमब्रेकच्या रबरात वाळू आणि रिमचाच चमकता चुरा रुतून बसतो. ब्रेक दाबला की खर्रर्र येतं ते हेच. दर आठवड्याला सुईने टोकरून काढा, नाहीतर रिम खाऊन टाकतो.

घाटातला घामट

@तिसरा गिअर, बीबी बदलण्याआधी एक करून बघा. उभं राहून पायडल मारलं तर करकर येते का?

तिसरा गिअर

उभं राहून नाही येत! आत्ताच सोसायटीत दोन चकरा मारल्या, वॉचमन बघत होता.

घाटातला घामट

मग बीबी नसावी, सीट किंवा सीटची दांडी असेल. दांडीवर मापाची खूण करा, बाहेर काढा, दांडी आणि नळी पुसून पातळ ग्रीस लावून परत. फ्रेम-दांडी अ‍ॅल्युमिनियमचीच आहे ना? कार्बन असेल तर ग्रीस नको, दांडी घसरते, त्याची वेगळी पेस्ट येते.

तिसरा गिअर

अ‍ॅल्युमिनियमच. दांडी काढून सायकल उलटी केली तर नळीतून चहाच्या कपभर पाणी आलं! दसऱ्याचं. भाच्याला फोटो पाठवलाय. ग्रीस लावून खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो, आवाज नाही. आता पंपाचं बघतो.

जुना खोपोलीकर

पंपाचं चामड्याचं वायसर वाळलं असणार. वरची टोपी फिरवून दांडा बाहेर काढा, वायसर रात्रभर एरंडेलात भिजवा, बोटाने कडा बाहेर पसरवा. हवा धरेल.

नाशिकची मिरची

मुलाची २० इंची आहे, मडगार्डसकट, आता लहान पडते. कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फुकट. टॉवेलवाली नाही, ती राहू दे.