पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये ट्रान्झॅक्शन लागत नाही, प्रीडिस्ट्रॉय चालतच नाही

प्रश्न:
स्प्रिंग बूट (जावा अ‍ॅप बनवायची चौकट) ३.२, जावा १७. दरांचं टेबल कॅशेत भरणाऱ्या मेथडवर @पोस्टकन्स्ट्रक्ट (ऑब्जेक्ट तयार होताच चालवा) आणि @ट्रान्झॅक्शनल (डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा) दोन्ही आहेत, तरी लेझी कलेक्शन (गरज पडल्यावरच डेटाबेसातून येणारी यादी) वाचताना लेझी-इनिशियलायझेशन एक्सेप्शन येतं. दुसरं, रांगेत उरलेल्या ऑडिट नोंदी @प्रीडिस्ट्रॉयमधून (अ‍ॅप बंद होताना चालणारी मेथड) डेटाबेसात लिहायच्या आहेत. लॅपटॉपवर कंट्रोल-सी दाबलं की लिहिल्या जातात. कुबरनेटिसवर (सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) मात्र लॉगमध्ये त्याची एक ओळही दिसत नाही. बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) सिंगलटनच आहे, म्हणजे एकच प्रत.

उत्तर १:
पहिली भानगड क्रमाची आहे. बीनमध्ये डिपेंडन्सी भरल्या की लगेच पोस्टकन्स्ट्रक्ट चालतं. ट्रान्झॅक्शनचा प्रॉक्सी (कॉल अडवून ट्रान्झॅक्शन सुरू करणारं वेष्टन) त्यानंतर चढतो. कॉलबॅक थेट मूळ ऑब्जेक्टवर चालत असल्याने @ट्रान्झॅक्शनल वाचायला तिथे कोणीच नसतं. ट्रान्झॅक्शन-टेम्प्लेट इंजेक्ट करून कोड त्यात गुंडाळा, नाहीतर मेथड अ‍ॅप्लिकेशन-रेडी इव्हेंटच्या लिसनरवर न्या. मी दुसरं निवडेन. रेडीनेस प्रोब (अ‍ॅप तयार आहे का हे बघणारी कुबरनेटिसची तपासणी) लावला असेल तर लिसनर संपेपर्यंत तो हिरवा होत नाही, त्यामुळे रिकाम्या कॅशेवर रिक्वेस्ट येत नाहीत.

उत्तर २:
ईजेबीवरून (एंटरप्राइझ जावाबीन्स, जावाची दुसरी बीन पद्धत) आलेले इथे हमखास फसतात. तिथे सिंगलटन बीनच्या पोस्टकन्स्ट्रक्टला कंटेनर स्वतःच नवीन ट्रान्झॅक्शन देतो.

उत्तर ३:
प्रीडिस्ट्रॉयसाठी आधी मेलेल्या कंटेनरचा एक्झिट कोड बघा. १४३ असेल तर जेव्हीएमला (जावा चालवणारा प्रोग्रॅम) सिगटर्म (बंद व्हायची सूचना) मिळाला आणि ती नीट बंद झाली. १३७ म्हणजे सिगकिल (जबरदस्तीने मारणं). त्यात शटडाउन हुक (बंद होताना चालणारा कोड, प्रीडिस्ट्रॉय त्यातूनच चालतं) चालतच नाही. एन्ट्रीपॉइंटला (कंटेनर सुरू करणारी आज्ञा) शेल स्क्रिप्ट दिली आहे का? मग पीआयडी १ (कंटेनरची पहिली प्रोसेस) ती स्क्रिप्ट असते, सिगटर्म तिच्यापाशीच अडतो आणि ३० सेकंदांनी सगळंच मारलं जातं. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'जावा'च्या आधी 'एक्झेक' लिहा, म्हणजे स्क्रिप्टची जागा जावाच घेते.

तेवढ्यावर थांबू नका. ग्रेसफुल शटडाउन (चालू रिक्वेस्ट पुऱ्या करून बंद होणं) स्प्रिंग बूट ३.४ पासून आपोआप चालू असतं, ३.२ मध्ये सेटिंग स्वतः लिहावं लागतं. त्याची मुदत प्रत्येक फेजला (बंद होण्याचा टप्पा) ३० सेकंद, आणि पॉडची (कुबरनेटिसमध्ये कंटेनर ज्यात चालतो ते एकक) एकूण मुदतही ३०च! प्री-स्टॉपमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणारी आज्ञा) स्लीप असेल तर तोही याच ३० मधून कापला जातो. फेजला २०, पॉडला ४५ ठेवा. प्रीडिस्ट्रॉयमध्ये एक्सेप्शन फुटलं तर फक्त वॉर्निंग येते आणि बंद होणं पुढे चालू राहतं, म्हणून तिथे स्वतःचा ट्राय-कॅच घालून किती नोंदी राहिल्या ते लॉग करा.

प्रश्नकर्ता:
१३७च होता. स्क्रिप्टमध्ये एक्झेक घातल्यावर १४३ आला, नोंदीही उतरल्या. प्री-स्टॉपमध्ये १० सेकंदांचा स्लीप निघाला, त्यामुळे पॉडची मुदत ४५ केली.