क्रमांक आणि रंग एकत्र करू नका

आम्हा सोलापूरकरांच्या लेगो तुकड्यांच्या सामायिक यादीत भाग आणि रंग मिळून एकच क्रमांक ठेवावा, असं एकाने सुचवलंय. माझा ठाम विरोध. ३००१ म्हणजे दोन-बाय-चार वीट आणि लेगो कंपनीच्या क्रमांकांत लाल रंग २१, म्हणून लाल वीट ३००१२१. इथवर सोपं वाटतं. पण तोच लाल ब्रिकलिंकवर (लेगो तुकडे विकणारी साइट) ५ आहे, रिब्रिकेबलवर (लेगो तुकड्यांची माहिती देणारी साइट) ४. शिवाय लेगोने नंतर आणलेल्या सात अंकी क्रमांकांतून भाग वेगळा काढताच येत नाही. तीन रकाने हवेतच: साचा (म्हणजे भागाचा क्रमांक), रंग आणि रंग-क्रमांक कुणाचा ते.

सगळ्यात जास्त घोळ राखाडीत होतो. २००४च्या सुमारास लेगोने दोन्ही राखाडी निळसर केले. ब्रिकलिंकवर फिका जुना ९, नवा ८६; गडद जुना १०, नवा ८५. नुसतं 'राखाडी' लिहिलेली नोंद परत पाठवा. नवा तुकडाही उन्हाने पिवळा पडून जुन्यासारखा दिसतो, तेव्हा तो पालथा करून नळीच्या आतला रंग बघा.

फोटो सावलीत, पांढऱ्या कागदावर काढा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात पांढरा तुकडा फोटोत नुसता पांढराफटक येतो, आणि खाली लाल चादर असली की तिचा रंग तुकड्यावर चढतो. दोन-बाय-दोन टाइलचा (वर गुंड्या नसलेला सपाट तुकडा) बाजूने फोटो हवाच: खालच्या कडेला खाच नसेल तर ३०६८ए, असेल तर ३०६८बी. वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

आणि एक्सेलमध्ये क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर सुरुवातीचं शून्य उडतं.