अलिबागला घर बघताय? आधी पावसाळा विचारा

अलिबागला वर्षभर भाड्याने राहून घरून काम करावं का, असं विचारलंय. मी दोन वर्षं काढली, म्हणून थोडी भर.

मे महिन्यात घर बघून हो म्हणू नका. जुलैत जाऊन बघा. पश्चिमेच्या भिंतीला ओल किती, कपाटात बुरशीचा वास येतो का, हे तेव्हाच कळतं. समुद्राजवळच्या घरात खारं वारं काही सोडत नाही. कुलपं, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट, माझ्या सायकलची साखळीसुद्धा (ती तर पहिल्याच वर्षी गेली). समुद्र दिसतो म्हणून जास्त भाडं देण्यापेक्षा किनाऱ्यापासून थोडं आत घर घ्यावं, हे माझं मत. विहिरीचं पाणी असेल तर चाखून बघा, मचूळ निघतं कधीकधी.

करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. माझे मालक "आपल्यात कशाला कागद" म्हणायचे आणि दिवाळी आली की पर्यटकांना द्यायला खोली मोकळी करा म्हणायचे! दुसऱ्या वर्षी मी कागद करूनच घेतला.

मुंबईला जाणं-येणं असेल तर गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) असते, पण हवामान बिघडलं की तीही रद्द. मग वडखळमार्गे रस्ताच, आणि शनिवार-रविवारी तो रस्ता... असो.