नाटकाची प्रकाशयोजना आधी संगणकावर रचून पाहता येईल का?

प्रश्न:
राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर आमच्या संस्थेचे दोन अंकी नाटक आहे आणि मी प्रथमच स्वतंत्रपणे प्रकाशयोजना करीत आहे. सभागृह प्रयोगाच्या दिवशीच मिळते आणि नेपथ्य उभे राहिल्यावर प्रकाशासाठी जेमतेम दोन-तीन तास उरतात. गेल्या वर्षी मी सहायक असताना दुसऱ्या अंकातील निम्मे क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणी करायचे प्रकाशबदल, तालमीविनाच द्यावे लागले होते, याची खंत अजून आहे. साध्या लॅपटॉपवर, फारसा खर्च न करता पूर्वतयारी करता येईल का?

पहिला प्रतिसाद:
करता येईल. ईटीसी कंपनीची ईऑस प्रणाली संगणकावर विनामूल्य चालते. त्यातील ऑगमेंट३डी या भागात रंगमंच, दिवे टांगण्याचे आडवे बार आणि दिवे मांडून क्यू लिहिता येतात, मात्र प्रत्यक्ष दिव्यांकडे संदेश पाठवण्यासाठी वेगळी परवाना-कळ विकत घ्यावी लागते. ब्लेंडरडीएमएक्स हाही विनामूल्य पर्याय आहे. तथापि सॉफ्टवेअर निवडण्याआधी मोजपट्टी घेऊन सभागृहात जा, कारण बारची उंची आणि अंतर अंदाजाने भरले, तर संगणकाच्या पडद्यावरचे सुंदर चित्र प्रयोगात कामाला येत नाही. समजा, बार 5.5 मीटर उंचीवर आणि उभ्या नटाचा चेहरा 1.5 मीटरवर आहे; तर 45 अंशांच्या प्रकाशासाठी बार नटापासून 4 मीटर पुढे हवा. तोच बार 8 मीटरवर असेल, तर कोन सुमारे 27 अंशांवर येतो आणि नटाची सावली लांबत जाऊन मागच्या पडद्यावर चढते. ही चूक घरबसल्या दिसणे, हाच या साधनाचा खरा लाभ मला वाटतो.

दुसरा प्रतिसाद:
वरील मताशी सहमत आहे. परंतु तीव्रता आणि रंग यांचा निर्णय संगणकावर सोडू नये. हॅलोजन दिवा 30 टक्क्यांवर आणला की उजेड तांबूस होतो, एलईडीचा तसा होत नाही, आणि हा फरक लॅपटॉपच्या पडद्यावर हुबेहूब दिसेलच असे नाही. पांढऱ्या साडीवरून परतणारा उजेड तर मी नेहमी प्रत्यक्षच पाहतो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. मोजमापे घेऊन येते. क्यूंचा क्रम आणि वेळ तरी घरी पक्की करता येईल ना?

पहिला प्रतिसादक:
अवश्य. संवादांचे ध्वनिमुद्रण लावून प्रत्येक बदल किती सेकंदांचा हवा, ते ठरवा. टक्केवारी सभागृहातच बदला, आणि त्यासाठी शेवटचा एक तास राखून ठेवा.