४८ फ्लॅट, घरटी दोन बादल्या, तरी कचरा मिक्स. शेजाऱ्यांना वळवायचं कसं?

तिसरा जिना, लातूर:
तीन जिने, जिन्याला १६ घरं. ओला-सुका वेगळा करायलेत फक्त १८ जण (तिसऱ्या जिन्यात ११, दुसऱ्यात ५, पहिल्यात २). गेटवर पाटी लावली, 'बहुतेक रहिवासी कचरा वेगळा करत नाहीत, सहकार्य करा.' मिक्स पिशव्यांचे फोटोही ग्रुपवर टाकले. आधी २० घरं होती, उलट दोन गळाली. लोक म्हणायलेत, घंटागाडीत सगळं एकत्रच जातं. शिवाय पाणी आठ दिवसाला, दुधाच्या पिशव्या धुवायच्या कशानं?

पाटीवाला:
ती पाटी आजच काढा. 'कुणीच करत नाही' हेच ती सांगायली. अमेरिकेतल्या ॲरिझोनात अश्मीभूत लाकडाचं राष्ट्रीय उद्यान आहे. 'खूप जण लाकूड उचलून नेतात' अशी पाटी लावल्यावर तिथं चोरी वाढली होती. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांचा हा प्रयोग प्रसिद्ध आहे. 'तिसऱ्या जिन्यात १६ पैकी ११ घरं' असं लिहा. आकडा खराच हवा, फुगवलेला दोन दिवसांत उघडा पडतो.

फोटोही बंद. लाजेनं माणूस सुधारत नाही, काळ्या पिशवीची गाठ मारून रात्री मोकळ्या प्लॉटवर फेकतो.

खत-कुट्टी:
घंटागाडीचा मुद्दा खोटा म्हणून झटकू नका. डोळ्यांदेखत दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात पडल्या की आठवड्यात सगळं ढासळतं. ओला कचरा आवारातच जिरवा. घरटी अर्धा किलो धरला तर सगळ्यांचा मिळून रोज २४ किलो. एक घमेलं ओल्यावर एक घमेलं कडब्याची कुट्टी नाहीतर उसाचं पाचट, आठवड्यातून दोनदा उलथापालथ. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर कुट्टी वाढवा. वास सुटतो तो बहुधा ओल जास्त आणि हवा कमी म्हणून. आणि वास सुटला की विरोधकांना आयतं कोलीत.

दुधाची पिशवी: कोपरा कापा पण तुकडा तोडू नका, तो ओल्या कचऱ्यातून खतात जातो. पिशवीत अर्धा कप पाणी घालून हलवा, तेच चहाच्या आधणात ओता. पिशवी दोरीवर चिमट्याला. वेगळं पाणी लागतच नाही.

शेजारधर्म:
पत्रकं वाटू नका, माणूस पाठवा. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमॉन्टमध्ये मानसशास्त्रज्ञ शॉन बर्न यांनी हे तपासलं (१९९१). शेजारी स्वतः दारात गेला तिथं नुसत्या पत्रकापेक्षा जास्त घरांनी पुनर्वापराचा माल बाहेर ठेवला. ८ घरांमागं एक, म्हणजे तुम्हाला ६ जण लागतील. आधीपासून वेगळा करणारेच निवडा, सोसायटीचे पदाधिकारी नकोत. नळाला पाणी आलेल्या दिवशी जाऊ नका, कुणी ऐकत नसतं. बोलणं दोन मिनिटांचं, तेही बादल्यांसमोर. नुसतं वहिनींना सांगून भागत नाही. खरकटं टाकणारे काका वेगळे, बादली खाली नेणाऱ्या कामाच्या मावशी वेगळ्या. मावशींना थेट सांगा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, हेही तेव्हाच दाखवा.

तिसरा जिना, लातूर:
पाटी काढली. पण पहिल्या जिन्यात २ च घरं. तिथं काय लिहू?

पाटीवाला:
तिथं आकडा लिहूच नका. आधी माणूस पाठवा. २ ची ५ झाली की वाढ लिहा, 'या महिन्यात ३ घरं नवीन.' आणि त्या जुन्या २ घरांना विसरू नका, त्यांच्या बादलीवर हिरवा ठिपका चिकटवा. बाकीचे करत नाहीत म्हटल्यावर चांगलं करणाराही ढिला पडतो.